‘सहापर्यंत’ म्हणजे ‘बाय सिक्स’ की ‘टिल सिक्स’?

हेदवीत, आणि तसं म्हटलं तर वेळणेश्वरापासून तवसाळच्या जेट्टीपर्यंत, घरातल्या दोन-चार खोल्या पाहुण्यांसाठी काढून ठेवणाऱ्या मंडळींसाठी हे टिपण आहे. येणारे पाहुणे बहुतेक पुण्यामुंबईचे. त्यांच्याशी मराठीतच बोला, उगाच इंग्रजीची फोडणी नको. पण बुकिंगच्या साइटवरचं वर्णन, गूगल मॅपवरची माहिती, विहिरीजवळची पाटी आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप हल्ली इंग्रजीत जातात. ते वाचणारी माणसं बंगळूरु-हैदराबादची असतात, परदेशात वाढलेली नातवंडं असतात, कधी एखादं गोरं जोडपंही असतं. व्याकरणात चूक झाली म्हणून यांतलं कुणी भांडत नाही. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोकलेल्या पिढीने ‘शॅल’ आणि ‘विल’ची जी धास्ती घेतली होती, ती आता खुशाल सोडा. घोटाळा होतो तो मराठीत एक शब्द आणि इंग्रजीत दोन असतात तिथे. आपल्या तोंडी असलेला एकच शब्द दोन्हीकडे चालवला की वाचणारा भलतंच समजतो, आणि त्याप्रमाणे वागतोही. म्हणून शब्द निवडताना एवढंच पाहायचं, की हे वाचून पाहुणा काय करेल?

आधी गावच्या दैवतापासून सुरुवात करू. दशभुजा गणेशाचं वर्णन करताना ‘गणेश विथ टेन हँड्स’ असं सहज लिहून जातं. आपला हात खांद्यापासून बोटांपर्यंत अख्खा असतो. इंग्रजीत मनगटाच्या पुढचा पंजा तेवढा ‘हँड’, खांद्यापासून निघते ती ‘आर्म’. भुजा म्हणजे आर्म, म्हणून मूर्तीबद्दल लिहायचं ते ‘टेन-आर्म्ड’. मधली जोडरेघ विसरू नका, कारण नुसतं ‘आर्म्ड’ म्हणजे सशस्त्र. हातात आयुधं असल्यामुळे तेही खोटं ठरत नाही म्हणा! मूर्तीला ‘स्टॅच्यू’ म्हणू नये, स्टॅच्यू चौकात उभा असतो. ‘आयडल’ आपल्याकडे सर्रास चालतं, पण बायबलच्या इंग्रजीत त्या शब्दाला तुच्छतेचा वास आहे. सरळ ‘मूर्ती’ लिहावं, आता तो शब्द बहुतेकांना कळतो. आणि पेशवेकाळातल्या देवळाला ‘एन्शंट’ म्हणायची हौस आवरा. एन्शंट म्हणजे प्राचीन, दोन-तीन हजार वर्षांमागचं. ‘ओल्ड’ किंवा ‘हिस्टॉरिक’ पुरे.

हाताचं जे, तेच पायाचं. समुद्रावरून आलेल्या पाहुण्याने मागच्या दारी पाय धुऊन आत यावं म्हणून ‘वॉश युवर लेग्ज’ अशी पाटी लावली, तर तो बिचारा मांडीपर्यंत ओला होईल. ‘लेग’ म्हणजे अख्खा पाय, घोट्याखालचा तो ‘फूट’, अनेकवचनी ‘फीट’. ‘प्लीज रिन्स युवर फीट बिफोर कमिंग इन’ एवढं लिहिलं की वाळू बाहेरच राहते. इथे ‘वॉश’ऐवजी ‘रिन्स’ मुद्दाम घातलं आहे. वॉश म्हटलं की साबण शोधतात, रिन्स म्हणजे नुसतं पाणी ओतून घ्यायचं.

आता समुद्र. इथे शब्द चुकला तर पाटीला नुसतं हसून भागत नाही, जिवाशी गाठ असते.

उमामहेश्वराच्या देवळाच्या मागे कातळात पडलेली अरुंद, लांबट भेग म्हणजे बामणघळ. भरतीची लाट तोंडातून आत शिरते, चिंचोळ्या वाटेने पुढे रेटली जाते आणि टोकाला आपटून उंच उडते. हिला इंग्रजीत काय म्हणायचं? ‘केव्ह’ म्हणू नका. केव्हला छप्पर असतं आणि माणूस आत शिरून बघायला जातो. ‘गॉर्ज’ बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं दिसतं, पण गॉर्ज म्हटलं की डोळ्यांपुढे नदी आणि तिच्या दोन्ही अंगांनी उभे कडे येतात. पाहुणा मोठी दरी बघायच्या तयारीने येतो आणि जवळ जाऊन वाकून बघतो. नेमकं तेच नको आहे. ‘ब्लोहोल’ जवळ येतं, पण ब्लोहोलला गुहेच्या छताला भोक लागतं. नाव ‘बामणघळ’च ठेवा आणि पुढे लिहा, ‘अ नॅरो क्लेफ्ट इन द शोर रॉक्स, व्हेअर वेव्हज रश इन अँड शूट अप’. क्लेफ्ट म्हणजे भेग. भेगेत कुणी उतरायला जात नाही.

इथे ‘शोर’ लिहिलं, ‘बीच’ नाही. बीच म्हणजे पुळण, वाळू किंवा फार तर गोटे. शोर म्हणजे पाणी आणि जमीन मिळते तो काठ, मग तो वाळूचा असो की कातळाचा. कोस्ट म्हणजे सबंध किनारपट्टी. ‘बामणघळ बीच’ असं कुठे लिहून ठेवलं की माणसं टॉवेल घेऊनच येणार. एकीकडे पुळण, दुसरीकडे कातळ असं जिथे असेल तिथे दोन्ही वेगवेगळं लिहा, आणि दोहोंतलं अंतर मिनिटांत द्या.

‘टाइड’ आणि ‘वेव्ह’ यांतही असाच घोळ. वेव्ह ही लाट, दर काही सेकंदांनी येते. टाइड म्हणजे भरती-ओहोटी, दिवसातून दोनदा चढते नि दोनदा उतरते. ‘टुडे हाय टाइड’ एवढाच निरोप धाडला तर पाहुण्याला वाटतं आज समुद्र खवळलेला आहे. उलट पावसाळ्यात ओहोटीलाही लाटा मोठ्या असतात, तेव्हा ‘लो टाइड’ वाचून तो निर्धास्त कातळावर चढतो. समुद्र खवळलेला असेल तर त्याला ‘रफ सी’ म्हणा, आणि भरतीची वेळ त्यापुढे आकड्यात स्वतंत्र द्या. जुन्या माणसांचा हिशेब सगळ्यांना ठाऊक आहे. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पुनवेला सव्वाअकरा. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी. रोज ती सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून कालची वेळ आज सांगू नये. हिशेब ढोबळ आहे, पाहुण्याला वेळ कळवताना कोष्टकही बघून घ्या. पुनवेच्या आणि अवसेच्या आगेमागे येणाऱ्या उधाणाला इंग्रजीत ‘स्प्रिंग टाइड’ म्हणतात, अष्टमीच्या भांगाच्या भरतीला ‘नीप टाइड’. यातल्या ‘स्प्रिंग’चा वसंत ऋतूशी संबंध नाही, पण हे माहीत नसलेले इंग्रजी बोलणारेही पुष्कळ आहेत. त्यामुळे पाटीवर ‘स्प्रिंग टाइड’ नको. ‘व्हेरी हाय टाइड अराउंड फुल मून अँड न्यू मून’ असं उलगडून लिहिलेलं बरं.

सावधगिरीच्या पाट्यांवर ‘डेंजर’, ‘वॉर्निंग’ आणि ‘कॉशन’ हे तीन शब्द आपण हाताला येईल तसे वापरतो. अमेरिकेतल्या सुरक्षा-पाट्यांच्या मानकात यांची पायरी ठरलेली आहे. टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच, तिथे डेंजर, रंग तांबडा. तसं होऊ शकतं, तिथे वॉर्निंग, रंग नारिंगी. लागेल-खरचटेल एवढंच, तिथे कॉशन, रंग पिवळा. आपल्या अंगणातल्या शेवाळलेल्या पायरीला डेंजर लिहून ठेवलं, तर भरतीच्या वेळच्या घळीसाठी शब्दच उरत नाही. पायरीला ‘कॉशन, स्लिपरी’, घळीच्या काठाला ‘डेंजर’.

त्याहून वाईट वाक्य म्हणजे ‘स्विमिंग ॲट युवर ओन रिस्क’. लिहिणाऱ्याला वाटतं आपण पोहायला मनाई केली. वाचणाऱ्याला समजतं की पोहायला हरकत नाही, फक्त काही झालं तर भरपाई मागायची नाही. मनाई करायची असेल तर ‘नो स्विमिंग’ किंवा ‘डू नॉट स्विम हिअर’. तसंच ‘यू शुड नॉट गो बियाँड धिस पॉइंट’ हा सल्ला झाला, आणि सल्ला ऐकलाच पाहिजे असं नसतं. ‘मस्ट नॉट’ हा हुकूम. आपल्याला पाहुण्याला हुकूम करायचा संकोच वाटतो हे खरं, पण हा संकोच जेवणाच्या पानापुरता ठेवावा.

खाडीला आपण ‘क्रीक’ म्हणतो आणि ते इंग्लंडच्या इंग्रजीप्रमाणे बरोबर आहे. अमेरिकेत मात्र क्रीक म्हणजे ओढा, पऱ्ह्या. तिकडून येणाऱ्याला ‘आमच्याकडून जयगडला जाताना क्रीक लागते’ म्हटलं तर तो पँट वर खोचून तयार राहील. शास्त्री नदीचं मुख ओलांडायला गाडीसकट फेरीबोटीत चढायचं आहे, हे स्पष्ट सांगा.

फेरीबोटीवरून वेळेकडे वळू, कारण रुसवेफुगवे सर्वांत जास्त इथेच होतात. आपलं ‘पर्यंत’ फार सोयीचं आहे. ‘मासे हवे असतील तर सहापर्यंत सांगा’ आणि ‘आम्ही सहापर्यंत थांबतो’, दोन्हीकडे एकच शब्द. इंग्रजीत पहिल्या ठिकाणी ‘बाय सिक्स’, दुसऱ्या ठिकाणी ‘टिल सिक्स’. ओळखायची खूण सोपी आहे. ‘सहाच्या आत’ म्हणून बघा, अर्थ बिघडला नाही तर बाय. ‘सहा वाजेस्तोवर’ म्हणून बघा, ते बसलं तर टिल. ‘मासे सहा वाजेस्तोवर सांगा’ म्हटलं तर माणूस दुपारपासून सहापर्यंत मासे मासे करत बसेल, तेव्हा तिथे बाय. खोली दहाच्या आत सोडायची, म्हणून ‘चेक-आउट बाय टेन’. नाश्ता दहा वाजेस्तोवर मिळतो, म्हणून ‘ब्रेकफास्ट टिल टेन’. हे दोन एकमेकांच्या जागी गेले की पाहुणा दहाला नाश्त्याला येतो आणि अकराला बॅग भरायला घेतो.

‘अर्ध्या तासात’ हेही फसवं आहे. ‘इन हाफ ॲन आवर’ म्हणजे अर्ध्या तासाने, ‘विदिन हाफ ॲन आवर’ म्हणजे अर्ध्या तासाच्या आत कधीही. बोट धरायची असेल तर फरक मोठा आहे. ‘नेक्स्ट संडे’ म्हणजे येता रविवार की त्यापुढचा, यावर खुद्द इंग्रजांचंही एकमत नाही. तारीख घाला आणि मोकळे व्हा.

स्वयंपाकघरात आलं की एकटं ‘उकडणे’ हे क्रियापद पुरून उरतं. आपण मोदक उकडतो, अंडी उकडतो, तांदूळ उकडे असतात, आणि मे महिन्यात आपणही उकडून निघतो. इंग्रजीत चारही ठिकाणी निराळे शब्द आहेत. मोदक वाफेवर होतात, ते ‘स्टीम्ड’. ‘बॉइल्ड मोदक’ वाचून पाण्यात गळलेला गोळा डोळ्यांपुढे येतो, आणि गणपतीच्या गावात मोदकाची एवढी बदनामी बरी नव्हे. अंडी पाण्यात शिजतात, ती ‘बॉइल्ड’. उकडा तांदूळ म्हणजे साळ असतानाच उकडून वाळवलेला, त्याला ‘पारबॉइल्ड राइस’. ‘बॉइल्ड राइस’ लिहिलं की पानात वाढलेला साधा भात झाला. पेज उकड्या तांदळाची आहे हे सांगायचं असेल तर ‘पारबॉइल्ड’ला पर्याय नाही. आणि हवा उकडते तेव्हा ती नुसती ‘हॉट’ नसते, ‘ह्यूमिड’ असते. वाळवंटातल्या कोरड्या उन्हाला सरावलेला माणूस ‘हॉट’ वाचून घाबरत नाही, इथे येऊन मात्र घामाने निथळतो.

‘हॉट’चं दुसरं दुखणं तिखटाचं. ‘इज इट हॉट?’ म्हणून पाहुण्याने विचारलं तर त्याला गरम म्हणायचं आहे की तिखट, ते त्याचं त्यालाच ठाऊक. आपण मात्र उत्तर देताना शब्द वाटून द्यावेत, ‘हॉट’ला गरम आणि ‘स्पायसी’ला तिखट. स्पायसीत खरं तर मसालेदारही येतं. आमसुलाच्या सारात मिरची बेताची आणि जिरं-हिंग पुढे असतं, तिथे ‘माइल्ड’ म्हटलं की तो निश्चिंत होतो.

ॲलर्जीच्या बाबतीत मात्र मोघम बोलू नका. ‘नो फिश’ म्हणणाऱ्याला कोळंबी वाढायची का? ‘फिश’ म्हणजे सुरमई, बांगडा, पापलेट. कोळंबी, खेकडे, कालवं, तिसऱ्या ही ‘शेलफिश’. एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसरं चालू शकतं, आणि न चालणारं पोटात गेलं तर रात्री गाडी काढून दवाखाना गाठायची वेळ येते. ‘सीफूड’मध्ये दोन्ही आले. म्हणून तो काय म्हणाला यावर न थांबता उलट विचारा, ‘फिश ऑर शेलफिश?’ आणि लगेच दुसरा प्रश्न, ‘ॲलर्जी, की नुसतं आवडत नाही?’ अमेरिकेहून आलेला ‘श्रिम्प’ म्हणेल, इंग्लंडहून आलेला ‘प्रॉन’. दोघांनाही कोळंबीच हवी असते.

‘व्हेजिटेरियन’ आणि ‘व्हीगन’ यांत आपल्याकडे तुपाने घोळ होतो. व्हीगन माणूस दूध, दही, तूप, मध काहीच घेत नाही. त्याला सोलकढी चालते, कारण ती नारळाच्या दुधाची. पण ‘कोकोनट मिल्क’ असं सांगताना ‘मिल्क’वर जोर दिला की तो हात आखडता घेतो. मोदक त्याला चालतात, वर सोडलेली तुपाची धार नाही. नारळाचं दूध ‘कोकोनट मिल्क’, शहाळ्यातलं पाणी ‘कोकोनट वॉटर’, आणि शहाळं स्वतः ‘टेंडर कोकोनट’. नुसतं ‘कोकोनट’ मागितलं की आपण सोललेला नारळ पुढे करतो, आणि दोघंही एकमेकांकडे बघत राहतात.

‘फ्रेश फिश डेली’ असं वर्षभर टांगून ठेवू नये. राज्याच्या समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या काळात मिळतं ते खाडीतलं, नाहीतर बर्फातलं. ‘फ्रेश’ आणि ‘फ्रोझन’मधला फरक पाहुण्याला जिभेवर कळतो. ‘लोकल कॅच, व्हेन अव्हेलेबल’ हे खरंही आहे आणि बारा महिने चालणारंही.

पाण्याबद्दल एकच. ‘क्लिअर’ म्हणजे नितळ, ‘क्लीन’ म्हणजे स्वच्छ, आणि पाहुण्याला हवं असतं ते तिसरंच, ‘सेफ टु ड्रिंक’. विहिरीचं पाणी कितीही नितळ असो, उकळून देत असाल तर ‘बॉइल्ड’, फिल्टरमधून देत असाल तर ‘फिल्टर्ड’ असं लिहा. बाटलीबंद नसताना ‘मिनरल वॉटर’ लिहू नका.

खोल्यांचे शब्द आपल्याकडे वापरून वापरून गुळगुळीत झालेत. महाराष्ट्रात ‘हॉटेल’मध्ये चहा-मिसळ मिळते, बाहेरच्या जगात तिथे खोली मिळते. त्यामुळे खानावळीच्या पाटीवर ‘हॉटेल’ असेल तर परका माणूस बॅगा घेऊन उतरणारच. तिथे ‘रेस्टॉरंट’ किंवा ‘मील्स’ लिहा. ‘होमस्टे’ म्हणायचं तर घरची माणसं त्या घरात राहत असावीत. शासनाच्या पर्यटन खात्याच्या ‘न्याहारी व निवास’ योजनेमागेही हीच कल्पना आहे. मालक चिपळूणला आणि इथे फक्त राखणदार, याला होमस्टे म्हणणं बरं नाही. ‘लॉजिंग-बोर्डिंग’मधलं बोर्डिंग म्हणजे पैसे देऊन मिळणारं जेवण, पण आजच्या पोरांना बोर्डिंग म्हटलं की विमान आठवतं. ‘रूम्स अँड मील्स’ म्हणा.

‘बाथरूम’ हा खास सापळा. अमेरिकन माणूस बाथरूम विचारतो तेव्हा त्याला बहुधा संडासला जायचं असतं. जुन्या घरात न्हाणीघर इकडे आणि संडास परसात, त्यामुळे आपण त्याला बंब पेटवलेल्या न्हाणीत नेऊन उभा करतो. दारांवर ‘बाथ’ आणि ‘टॉयलेट’ अशा वेगळ्या चिठ्ठ्या लावा. ‘एक्स्ट्रा बेड’ म्हणजे पलंग. आपण जमिनीवर गादी घालणार असू तर ‘एक्स्ट्रा मॅट्रेस’. ‘सी व्ह्यू’ म्हणजे खिडकीतून समुद्र दिसतो. ‘सी फेसिंग’ म्हणजे घराचं तोंड समुद्राकडे आहे, मध्ये माडाची वाडी असेल तर दिसेलच असं नाही. ‘सी टच’ हे आपल्या कोकणाचं बाळ आहे, परदेशी माणसाला त्यातून काहीच बोध होत नाही. आणि लाइट गेली की ‘द लाइट हॅज गॉन’ म्हटल्यावर तो बल्ब बदलायला स्टूल शोधतो. ‘पॉवर कट’ म्हणा. फोनची ‘रेंज’ तिकडे ‘सिग्नल’ असते.

पैशाचे शब्द चार, पण लेखी हवेत. ‘अ‍ॅडव्हान्स’ बिलातून वजा होतो. ‘डिपॉझिट’ कुठे परत मिळतं, कुठे बिलात जातं, कुठे बुडतं, त्यामुळे तो शब्द वापरलाच तर पुढे ‘रिफंडेबल’ की ‘नॉन-रिफंडेबल’ ते लिहा. ‘पर डे’ लिहिलं की सकाळी आठला आलेला माणूस दुसऱ्या दिवशी आठपर्यंत आपला हक्क समजतो. ‘पर नाइट’ लिहा आणि येण्याजाण्याच्या वेळा द्या. ‘फ्री ब्रेकफास्ट’पेक्षा ‘ब्रेकफास्ट इन्क्लुडेड’ खरं, कारण आपण तो फुकट देत नाही, भाड्यात धरतो. आणि रक्कम ‘पर पर्सन’ आहे की ‘पर रूम’, हे आकड्याला चिकटूनच लिहायचं, खाली बारीक अक्षरात नाही.

शंका आली तर समानार्थी शब्दांची यादी उघडू नका, तिथे सगळेच शब्द सारखे दिसतात. शिकणाऱ्यांसाठी केलेला कोश बघा. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्न्बी यांनी सहकाऱ्यांसह असा कोश तयार केला. तो १९४२ मध्ये तिथे छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने काढला. त्याच्या आजच्या आवृत्त्या फोनवरही चाळता येतात, आणि शब्द वाक्यात कसा बसतो ते त्यात दाखवलेलं असतं. एक घरगुती तपासणीही करता येते. लिहिलेला इंग्रजी मजकूर फोनवरच्या भाषांतरात टाकून उलटा मराठीत आणा. ‘तिखट’ लिहायचं होतं आणि ‘गरम’ परत आलं, तर शब्द बदला. अर्थात उकड्या तांदळासारख्या ठिकाणी ही युक्ती फसते. ‘बॉइल्ड राइस’चं मराठी फोनही ‘उकडलेला तांदूळ’ असंच देईल आणि आपल्याला वाटेल सगळं ठीक आहे. तिथे बंगळूरुत नोकरीला असलेल्या भाच्याला विचारलेलं बरं.